व्हायब्रेटवर

रंगाची बादली, वीस लिटरची, वॉचमनकडून चाळीस रुपयांत.
तळाला पाच भोकं, गॅसवर तापवलेल्या सळईनं.
माती विकतची.
मुंबईत माती विकत घेतात, हे आईला सांगितलं असतं
तर तिनं कपाळाला हात लावला असता
आणि मग भाव विचारला असता.

ग्रिल अडीच फूट.
त्यात कांद्यांची टोपली, पिळलेला पोछा, आणि आता ही बादली.
ऊन साडेआठला येतं, बी विंगच्या खांद्यावरून,
आणि अकराला निघतं
पुढची चार घरं उरलेल्या बाईसारखं.

खाली पेडणेकरांची गादी वाळत असते.
पहिल्याच आठवड्यात सेक्रेटरीची चिठ्ठी आली.
म्हणून बादलीखाली ढोकळ्याची थाळी,
आणि पाणी वाटीनं, औषधासारखं.

रोप कंबरेला आलं तेव्हा
मोडक्या छत्रीची काडी रोवली,
परकराच्या जुन्या नाडीनं सैल बांधलं.
बगलेतून फुटवे येतात, लुसलुशीत, हट्टी.
जागा नसली की ते खुडायचे.
खुडले.
बोटं हिरवी झाली, वास दोन दिवस गेला नाही.
मला तो वास आवडतो, हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

फुलं आली. पिवळी, माना खाली घातलेली.
आली आणि गळली.
कन्नमवार नगरात, सहाव्या मजल्यावर,
भुंगा कशाला येईल? लिफ्टसुद्धा कधीकधी येत नाही.
नर्सरीतला इक्बाल म्हणाला, हलवा त्यांना, ताई.
भुंगा गुणगुणतो ना, त्या थरथरीनं पराग सुटतो.

आता निशिकांतचं सांगायला हवं.
नणंदेचा मुलगा. मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढलं,
कर्जाला जामीन मी.
दुकानाच्या शटरवर आता दुसऱ्याचं नाव आहे,
आणि फोन मला येतात.
दिवसाला नऊ, दहा. महिनाअखेरीला मोजत नाही.
मी फोन व्हायब्रेटवर ठेवते. मांडीत, पदराखाली, तांदळाच्या डब्यावर.

एका सकाळी तो हातातच थरथरला
आणि का कोण जाणे, मी तो फुलांच्या देठाला टेकवला.
अंगठ्यावर पिवळी धूळ पडली,
हळदीच्या चिमटीहूनही कमी.

मग रोजच.
अठ्ठेचाळीस हजार सहाशे रुपयांची गुणगुण
या फुलाला, त्या फुलाला,
वाजून वाजून बंद पडेपर्यंत.
पुन्हा करायचे. भले लोक.

एकदाच उचलला.
मॅडम, तुम्ही फोन का घेत नाही?
आवाज कोवळा, दाढी नुकती फुटलेल्या मुलाचा.
म्हटलं, दहाच्या सुमारास करत जा रे.
फुलं तेव्हा कोरडी असतात. संध्याकाळी करून उपयोग नाही.
तिकडे शांतता. मागे आणखी वीसजणांचे तगादे ऐकू येत होते.
मी कोणाशी बोलतोय?
जामीनदाराशी, म्हटलं.
तो हसला की खोकला, कळलं नाही.
दुसऱ्या दिवशी दहा वाजून चार मिनिटांनी फोन आला.
मी उचलला नाही. त्यानंही लवकर ठेवला नाही.

सात टोमॅटो धरले.
मटारएवढे, मग बोराएवढे, मग एकदम
ग्रिलमध्ये कुणी दिवे लावल्यासारखे.
दोन पेडणेकरांना दिले, गादीबद्दल.
एक इक्बालला. तिघांचं सार केलं,
वाटीभर झालं, जिरं जास्त पडलं.

पाटली मोडून कर्ज फेडलं ते श्रावणात.
फोन थांबले.
दुसरा बहर आला तसा गळतो आहे,
दात घासायचा जुना ब्रश घेऊन मी देठांवर टिचक्या मारते
पण हाताला ती लय नाही.

सातवा अजून झाडावर आहे.
निशिकांत लहानपणी कच्चाच खायचा, मीठ लावून,
पिकायची वाटच बघायचा नाही.
हा आता मऊ पडत चाललाय, एका बाजूला सुरकुतलाय.
काढत नाही.
बी तरी धरेल.